फिर्यादी कोण?



उरणच्या मोरा बंदरापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेल्या किनाऱ्याचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई; आता तो रायगड झाला आहे. या किनाऱ्यावरील गुन्ह्यांचा इतिहास लिहावयास कोणी बसला, तर पोलीस ठाण्यांतील आणि वन खात्याच्या कचेऱ्यांतील जुन्या नोंदी त्याच्यापुढे येतील. त्या वाचताना आरोपीच्या नावाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु मानवशास्त्राची शिस्त अंगवळणी पडलेला अभ्यासक प्रथम दुसराच रकाना पाहील : फिर्यादी कोण? चोरी, मारामारी, विनयभंग, खून या नोंदींत तेथे माणसाचे नाव असते. जंगलाच्या, दारूच्या, मिठाच्या नोंदींत मात्र फिर्यादी एकच असतो, आणि तो म्हणजे सरकार.

या रकान्याचे महत्त्व ज्या ग्रंथाने पहिल्याने नीट दाखवले तो येथून फार दूरच्या बेटांविषयी आहे. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवर राहून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले गुन्हा आणि रूढी यांवरील पुस्तक १९२६ साली प्रसिद्ध झाले. त्यात किमाई नावाच्या एका तरुणाची हकीकत आहे. आपल्याच कुळातील मावसबहिणीशी त्याचा संबंध होता. तेथील रूढीप्रमाणे हे घोर पाप. गावाला ते ठाऊक होते, लोक नापसंतीही दाखवीत होते. पण कोणी काही करीत नव्हते. त्या मुलीच्या झिडकारलेल्या प्रियकराने एके दिवशी चारचौघांत त्या तरुणाचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तो तरुण सणाचा साज करून माडावर चढला, आपली कैफियत त्याने ऐकवली आणि त्याने खाली उडी घेतली. कृत्य तेच होते आणि नियमही तोच होता. कोणीतरी फिर्यादी उभा राहिला तेव्हाच त्या कृत्याचा गुन्हा झाला. मालिनोव्स्कींच्या सगळ्याच निष्कर्षांना आज मान्यता नाही. तथापि ही एक दृष्टी टिकून आहे : गुन्हा ही कृत्याच्या अंगी मुळात असलेली वस्तू नसून ते कृत्य, त्याने दुखावलेला माणूस आणि ऐकून घेणारा समाज यांच्यामधला तो एक संबंध आहे.

आता ही दृष्टी घेऊन किनाऱ्यावर परत येऊ.

१८७८ साली दोन कायदे झाले. एक जंगलाचा, ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बऱ्याचशा भागासाठी. दुसरा अबकारीचा, मुंबई इलाख्यासाठी. १८९० साली इलाख्याचा मिठाचा कायदा आला. १८९२ साली मोहाच्या फुलांचा कायदा आला आणि तो खास ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांकडे रोखलेला होता. चौदा वर्षांच्या आत लाकूड, दारू, मीठ आणि एक फूल अशा चार वस्तू माणसाच्या अंगणातून उचलून सरकारच्या तिजोरीत नेऊन ठेवण्यात आल्या. मोहाचे फूल दारूसाठी वापरतात हे खरे. पण कठीण दिवसांत ते वाळवून, शिजवून खाणारी कुटुंबेही होती. या कायद्याने परवान्याविना फुले गोळा करणे, बाळगणे आणि विकणे यांवरच निर्बंध आले. दारू गाळली की नाही हे सिद्ध करीत बसण्याचा त्रास त्यामुळे वाचला. घरात फूल सापडले म्हणजे पुरे. झाडाखाली पडलेले फूल वेचणे हा गुन्हा ठरावा, याहून स्पष्ट उदाहरण गुन्ह्याच्या जन्मकथेला मिळणे कठीण.

या गुन्ह्याने दुखावले कोण? शेजारी दुखावला नाही. ज्याच्या अंगणापलीकडे मोहाचे झाड उभे होते तो दुखावला नाही. मक्तेदाराचा धंदा बसला आणि सरकारचा महसूल बुडाला. ज्या अपराधाची चीड समाजाला येत नाही त्याची फिर्याद समाज देत नाही, आणि समाज फिर्याद देत नाही म्हटल्यावर राज्यकर्त्याला खबऱ्या नेमावा लागतो, गार्ड नेमावा लागतो, रात्रीची झडती घ्यावी लागते. हिंसेचा उगम येथे आहे. शिपायाच्या स्वभावात क्रौर्य असते म्हणून छडी उगारली जाते, असे मानणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे. लोकांच्या न्यायबुद्धीची साथ नसलेला कायदा छडीवाचून उभाच राहू शकत नाही.

या कायद्यांचा सर्वांत मोठा घाव कातकऱ्यांवर बसला. खैराच्या लाकडाचा कात काढणे हा त्यांचा व्यवसाय आणि त्यावरूनच त्यांचे नाव. जंगल राखीव झाले आणि खैर तोडणारा आपल्याच धंद्यात चोर ठरला. डोंगर-उतारावर दळी कसणारा पुढे अतिक्रमण करणारा ठरला. मग कोळशाच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या, मुकादमाची उचल आणि तिच्या फेडीत जाणारी वर्षे. अ. ना. वेलिंग यांनी कातकऱ्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास १९३४ साली ग्रंथरूपाने मांडला तेव्हा ही घसरण पुष्कळ पुढे गेली होती. गावात कोंबडी हरवली तरी आधी कातकरवाडीत जाऊन पाहावे, ही रीत येथल्या भल्या माणसांनाही वावगी वाटत नसे. ज्याला कायद्याने एकदा चोर म्हटले त्याला शेजारीही चोर म्हणू लागतो, आणि मग सरकारला आयताच फिर्यादी मिळतो.

या रीतीला कायद्याचे रूप १८७१ सालीच मिळाले होते. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानातील कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत पोचली. नोंद झालेल्या माणसाने हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, सरकारच्या मनात आले तर तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहायचे. सोलापूरची वसाहत महाराष्ट्राला माहीत आहेच. यादीत नाव असो वा नसो, डोंगरकपारीत राहणाऱ्या साऱ्याच जमातींवर त्या कायद्याची सावली पडली. येथे कृत्य शोधण्याचे कारणच उरले नाही. माणूस काय करतो याऐवजी माणूस कोण आहे, एवढे पाहिले की काम भागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि हजेरीची वही पुन्हा उघडली.

२५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर गावी जे घडले त्यात या साऱ्या धाग्यांची गाठ पडते. त्या वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पेटला. चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात परिसरातल्या गावांचे लोक कोयते, कुऱ्हाडी घेऊन राखीव जंगलातील लाकूड तोडावयास जमले. कायद्याच्या भाषेत हजारो माणसे एकाच वेळी एकच चोरी उघड्यावर, घोषणा देत करीत होती. चोरी ही लपून करायची गोष्ट; ती जाहीरपणे केली म्हणजे ती चोरीच नव्हे, हे सांगण्याची यापरती सोपी रीत नाही. पोलिसांनी गोळीबार केला. स्मारकावर ज्यांना हुतात्मे म्हणून मान मिळाला ते आठ जण आगरी, कोळी अशा कष्टकरी घरांतले होते. घटनास्थळी हजर असलेला मामलेदारही त्या दिवशी प्राणास मुकला. त्यानंतर धरपकड झाली, मारहाण झाली आणि खटला उभा राहिला, तो अर्थात गावकऱ्यांवर. गोळी झाडणाऱ्यांवर फिर्याद करण्याचा रकाना त्या नोंदवहीत नव्हता.

त्या आठ नावांत एक नाव नवश्या महादेव कातकरी यांचे आहे. ज्या जमातीला लाकूड तोडल्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हटले गेले, तिच्यातला एक माणूस लाकूड तोडण्याच्याच कृत्यात हुतात्मा झाला. कृत्यात फरक नव्हता. त्याच्याभोवती उभे राहिलेले लोक बदलले होते.

येथवरचे विवेचन ऐकून कोणी म्हणेल की रूढी चांगली आणि कायदा वाईट असा हा साधा हिशेब दिसतो. तो तसा नाही, आणि याच जिल्ह्याने तो खोडून काढलेला आहे. गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकावे, त्याला विहिरीवर येऊ देऊ नये, त्याच्याशी बोलणाऱ्याला दंड करावा, त्याच्या घरच्या प्रेताला खांदा मिळू नये, असे प्रकार रायगडात इतके झाले की राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. २०१७ साली तो अंमलात आला. येथे कायद्याने रूढीला गुन्हा ठरवले आणि योग्यच केले, कारण येथे फिर्यादी हाडामासाचा होता. वाळीत पडलेली विधवा आणि मतभेद बोलून दाखवणारा तरुण ठाण्याच्या पायऱ्या चढून गेले होते. गावकी म्हणजे लोकशाहीचा झरा, असे मानणाऱ्या भाबड्या समाजवाद्यांनी रायगडातल्या या तक्रारी अवश्य वाचाव्यात. समाजाच्या जुलमाविरुद्ध दाद मागणाऱ्याला राज्य हवे असते. प्रश्न आहे तो राज्याच्या जुलमाविरुद्ध दाद मागणाऱ्याचा.

हा प्रश्न देशापुढे १९७५ साली उभा राहिला असे आपण समजतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तो एक वर्ष आधीच दिसायला हवा होता.

साठ आणि सत्तरच्या दशकांत आखाती बंदरांतून सोने, घड्याळे, परदेशी कापड घेऊन येणारी गलबते या किनाऱ्याच्या खाड्यांत माल उतरवीत. सोन्यावर सरकारी नियंत्रण होते, मागणी अफाट होती, आणि या दोहोंमधील फटीतून तस्करीचा धंदा फोफावला. पाटी डोक्यावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या हमालाला एका रात्रीत जे मिळे ते मासेमारीच्या कित्येक दिवसांत मिळत नसे. हा धंदा मोहाच्या फुलासारखा निरागस खासच नव्हता. त्याच्या मागे मुंबईतील बडी भांडवले होती, हाताखाली गुंड होते आणि वर आश्रयदाते होते. म्हणूनच १७ सप्टेंबर १९७४ रोजी वटहुकूम निघून मिसा कायद्यात तस्करांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्याची तरतूद झाली तेव्हा देशाने टाळ्या वाजवल्या. डाव्यांनी वाजवल्या, उजव्यांनी वाजवल्या. हाजी मस्तानसारखी नावे तुरुंगात गेली हे वाचून मध्यमवर्गाला धन्य वाटले. डिसेंबरात त्यासाठी कोफेपोसा हा स्वतंत्र कायदा झाला.

या दोहोंच्या मध्ये, १६ नोव्हेंबर १९७४ रोजी, राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला. बांगलादेश युद्धाच्या वेळी पुकारलेली बाह्य आणीबाणी तेव्हा चालूच होती. तिचा आधार घेऊन, तस्कर म्हणून स्थानबद्ध केलेल्यांचा मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार त्या आदेशाने स्थगित केला. या ओळीवर फारसा कोणी थांबला नाही. तस्कराला न्यायालय कशाला हवे, हाच सर्वसाधारण भाव होता. २७ जून १९७५ रोजी तशाच आदेशाने तोच अधिकार मिसाखाली स्थानबद्ध होणाऱ्या कोणाही माणसापासून काढून घेतला. सात महिन्यांत एक साचा किनाऱ्यावरून देशभर पोचला होता. तुरुंगाच्या एकाच आवारात सत्याग्रही आणि तस्कर एकमेकांना भेटले ते काही विनाकारण नव्हे.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ सालचा. मिसा १९७१ सालचा. बरोबर शंभर वर्षांचे अंतर. दोहोंचे तर्कशास्त्र एकच : या माणसाने काय केले हे विचारू नका, हा माणूस काय करील ते आम्हाला ठाऊक आहे. फरक एवढाच की पहिल्या कायद्याची यादी जमातींची होती आणि दुसऱ्याची यादी रोज लिहिता येण्याजोगी होती. शहा आयोगाने नंतर मोजणी केली, तेव्हा मिसाखालील स्थानबद्धांची संख्या ३४,९८८ आणि देशाच्या संरक्षण नियमांखाली अटक झालेल्यांची ७५,८१८ भरली. त्यांतील पुष्कळांना आपणांस का धरले याचे कारणही कळवण्यात आले नव्हते. ते न कळवण्याची सोय जून १९७५ अखेरच्या वटहुकुमाने करून ठेवली होती. प्राध्यापक, वकील, कामगार पुढारी, संपादक यांना पहिल्यांदाच कळले की खबऱ्याच्या एका वाक्यावर माणूस घरातून उचलला जातो. कातकरवाडीला ते केव्हाचे ठाऊक होते. हे वाक्य कोणाला टोचावे म्हणून येथे आलेले नाही. पण आणीबाणीच्या आठवणी लिहिणाऱ्या सुशिक्षितांच्या पुस्तकांत ही तुलना क्वचितच भेटते, हेही खरे.

एकाधिकारशाहीचे खरे स्वरूप फिर्यादीच्या रकान्यात कसे दिसते, ते सर्वोच्च न्यायालयातील जबलपूर खटल्याने दाखवून दिले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारचे वकील नीरेन डे यांना जीविताच्या हक्काविषयी प्रश्न केला : पोलीस अधिकाऱ्याने वैराने एखाद्याचा जीवच घेतला तर दाद कोठे? आणीबाणी आहे तोवर कोठेही नाही, हे उत्तर डे यांना द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो एक म्हणजे खन्ना. हुकूमशाहीत राज्य अधिक हिंसा करते, हे तर आहेच. पण तिचे मर्म निराळे आहे. तेथे राज्य स्वतः फिर्यादी असते, स्वतः साक्षीदार असते आणि त्याच्या विरुद्धची फिर्याद मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. केरळातील राजन नावाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी १९७६ साली पोलिसांच्या छावणीतून नाहीसा झाला. त्याचा बाप दारोदार फिरला, आणि त्याची फिर्याद न्यायालयात ऐकली गेली ती १९७७ साली, आणीबाणी उठल्यावर. देह सापडला नाही. ज्या हिंसेला फिर्यादी उभा राहू दिला जात नाही, तिला गुन्हा हे नावही मिळत नाही. किमाईच्या बेटावर एका माणसाच्या ओरडण्याने जे झाले ते येथे कोट्यवधींच्या देशात होऊ शकत नव्हते.

मग निर्वाचित सरकारे हिंसा करीत नाहीत काय? उत्तर पुन्हा उरणातच आहे. सिडकोने संपादिलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि जानेवारी १९८४ च्या १६ व १७ तारखांना, जासई-नवघर परिसरात, पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण मारले गेले. चिरनेरपासून हे ठिकाण काही दूर नाही. मरण तेवढेच खरे होते आणि गोळी तशीच होती. परंतु या वेळी विधिमंडळात प्रश्न विचारता आला, वृत्तपत्रांना लिहिता आले, सभा घेता आली. आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. यावर समाधान मानावे असे काही नाही, गोळीबाराची जबाबदारी कोणावर पडली हा प्रश्न शिल्लकच आहे. तरीही फिर्याद करता येणे आणि न येणे यांतील अंतर किती, हे दोन गोळीबार शेजारी ठेवले म्हणजे दिसते.

आणि ज्या तस्करीसाठी न्यायालयाची दारे १९७४ साली बंद झाली, तिचे काय झाले? कोफेपोसा अठरा वर्षे जुना झाला असताना, १९९३ च्या आरंभी, दिघी आणि शेखाडी येथे याच किनाऱ्यावर शस्त्रे आणि स्फोटके उतरली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत कस्टम आणि पोलीस खात्यांतील माणसेही होती. सोन्याच्या दिवसांत जी हप्त्याची वाट पडली होती तिच्यावरूनच ती खोकी गेली. विनाचौकशी डांबण्याच्या अधिकाराने तस्करी थांबली नाही. तो अधिकार हाती असणाऱ्याची किंमत मात्र वाढली. पकडणारा आणि सोडणारा एकच, आणि त्याला जाब विचारणारा कोणी नाही, असे झाले म्हणजे कायदा बाजारात विकायला बसतो. ज्या राज्याला चिरनेरच्या रानात लाकडाची मोळी दिसली, त्याला शेखाडीच्या पुळणीवर खोकी दिसली नाहीत.

मिसा १९७८ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही, असे ठरले; आणि जबलपूर खटल्यातील निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच मोडीत काढला. कोफेपोसा मात्र अजून आहे. महाराष्ट्राने १९८१ साली स्वतःचा एक स्थानबद्धता कायदा केला, तोही आहे. त्याचे लांबलचक नाव वाचण्यासारखे आहे : त्यात झोपडपट्टीदादा आहेत, हातभट्टीवाले आहेत, अमली पदार्थांचे गुन्हेगार आहेत, पुढच्या दुरुस्त्यांनी धोकादायक व्यक्ती आल्या, वाळूतस्कर आले. कृत्यांऐवजी माणसांचीच यादी. मोहाच्या फुलापासून निघालेली वाट हातभट्टीवाल्यापर्यंत आली आहे, आणि वाळूतस्कर या शब्दात रात्री खाडीत सक्शन पंप चालवणारा ठेकेदारही बसतो आणि बुडी मारून घमेले भरणारा मजूरही. या कायद्याखाली निघणाऱ्या आदेशांना बहुधा गुप्तपणे नोंदवलेल्या जबान्या जोडलेल्या असतात. भीतीमुळे उघडपणे बोलण्यास कोणी तयार नाही, असे कारण त्यांत दिलेले असते. आणि जेथे नाव यायचे तेथे लिहिलेले असते, ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’.